जुने कर्ज, चुकीचा सिबिल रिपोर्ट आणि पुन्हा उभी करायची पत : तरुणांनी आणि कार्यकर्त्यांनी माहीत करून घ्यावे असे सर्व काही

शैक्षणिक कर्जाचे चार हप्ते थकले, कोरोनाच्या काळात नोकरी गेली आणि क्रेडिट कार्ड तसेच राहिले, मित्राला जामीन राहिलो आणि मित्राने हप्ते भरले नाहीत, आईच्या नावावर महिला गटाचे कर्ज होते आणि गट फुटला. आपल्या वस्त्यांमधल्या बहुतेक घरांत यांतली एखादी गोष्ट घडलेली असते. ती विसरली जाते. पाच-सात वर्षांनी धंद्यासाठी, घरासाठी किंवा बहिणीच्या शिक्षणासाठी बँकेत अर्ज केला, की मॅनेजर एकच वाक्य सांगतो : "तुमचा सिबिल खराब आहे."

आता प्रश्न फक्त कर्जाचा राहिलेला नाही. बँकांच्या भरतीतही उमेदवाराचा कर्जफेडीचा इतिहास पाहिला जातो. खराब क्रेडिट इतिहासामुळे स्टेट बँकेने एका उमेदवाराची नेमणूक रद्द केली आणि २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने बँकेचा तो निर्णय कायम ठेवला. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे.

बुद्धांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची जी चार सुखे सांगितली, त्यांत ऋण नसण्याचे सुख एक आहे. अंगुत्तर निकायातील अणण सुत्तात ते येते. कर्ज फेडण्याची इच्छा असणे ही चांगलीच गोष्ट आहे. पण जे कर्ज आपले नाही ते आपल्या नावावर राहू देणे किंवा कायदा माहीत नसल्यामुळे एजंटच्या धमकीला घाबरून कुठेही सही करणे, याला प्रामाणिकपणा म्हणत नाहीत.

सिबिल म्हणजे नेमके काय?

आपण सरसकट "सिबिल" म्हणतो, पण भारतात रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. क्रेडिट माहिती कंपन्या (विनियमन) कायदा, २००५ नुसार त्या चालतात. बँका, वित्त कंपन्या आणि मायक्रोफायनान्स कंपन्या आपल्या ग्राहकांची माहिती या चौघींना पाठवतात. १ जानेवारी २०२५ पासून ही माहिती किमान दर पंधरा दिवसांनी पाठवणे बंधनकारक झाले.

स्कोअर ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो. पण स्कोअर हा फक्त शेवटचा आकडा. खरी गोष्ट रिपोर्टमध्ये असते. कोणती कर्जे, कोणत्या महिन्यात हप्ता किती दिवस उशिरा, किती रक्कम बाकी, कोणत्या बँकेने कधी चौकशी केली, हे सगळे तिथे लिहिलेले असते. कर्ज नाकारायचे की द्यायचे हे बँक ठरवते, सिबिल नव्हे. आणि चूक दुरुस्त करायची असेल तर मूळ माहिती पाठवणाऱ्या बँकेपर्यंत जावेच लागते.

ज्यांनी आजवर कधीच कर्ज घेतले नाही, त्यांचा स्कोअरच नसतो. केवळ या कारणावरून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले आहे. "सिबिलच नाही, म्हणून कर्ज नाही" असे उत्तर मिळाले तर ते लेखी मागा.

पहिले काम : चारही रिपोर्ट काढा

प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत दिला पाहिजे. म्हणजे वर्षाला चार मोफत रिपोर्ट. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून पॅन आणि मोबाईल क्रमांक देऊन तो मिळतो. सायबर कॅफेवाल्याला किंवा एजंटला पॅन, आधार आणि ओटीपी देऊन रिपोर्ट काढू नका. त्याच कागदांवर तुमच्या नावाने कर्ज निघू शकते.

स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. कर्जासाठी अर्ज केल्यावर बँक जी चौकशी करते, तिची मात्र नोंद होते. म्हणून एकाच महिन्यात सहा ठिकाणी अर्ज करू नये.

रिपोर्ट कसा वाचायचा?

नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ते आणि मोबाईल आधी तपासा. जिथे तुम्ही कधी राहिलाच नाहीत असा पत्ता दिसला, तर दुसऱ्या माणसाची माहिती तुमच्यात मिसळल्याची शक्यता असते. त्यानंतर प्रत्येक खाते पाहा. महत्त्वाचे शब्द असे :

- डीपीडी : हप्ता किती दिवस उशिरा, ते महिन्यानुसार. ००० म्हणजे वेळेवर. ०३०, ०६० म्हणजे तितके दिवस थकले. ९० दिवसांपेक्षा जास्त थकले की खाते एनपीए होते.
- क्लोज्ड : पूर्ण फेडून बंद.
- सेटल्ड : बँकेने काही रक्कम सोडून तडजोड केली. पुढच्या बँकेला हा शब्द आवडत नाही.
- रिटन ऑफ : बँकेने आपल्या हिशेबात ते कर्ज बुडीत धरले. इथे सर्वांत मोठा गैरसमज होतो. रिटन ऑफ म्हणजे कर्जमाफी नव्हे. पैसे मागण्याचा बँकेचा हक्क तसाच राहतो.
- जामीनदार : दुसऱ्याच्या कर्जाला तुम्ही दिलेला जामीन. करार कायद्याच्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे लिहिले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते.

आपल्याकडे वारंवार दिसणाऱ्या चुका

नावांची सरमिसळ : राहुल, गौतम, सिद्धार्थ ही नावे आणि कांबळे, गायकवाड, जाधव ही आडनावे आपल्याकडे घरोघर आहेत. जन्मतारीख जवळची असली किंवा जुन्या कर्जात पॅन नोंदलेला नसला, की एकाचे कर्ज दुसऱ्याच्या रिपोर्टमध्ये जाते. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रिया आणि आडनाव बदलून घेतलेले तरुण यांच्या बाबतीत उलट होते : चांगला इतिहास जुन्या नावावर राहतो आणि नव्या नावावर काहीच दिसत नाही.

फेडलेले कर्ज चालू दिसणे : बँकेने बंद झाल्याची माहिती पाठवलेलीच नसते. कर्ज दुसऱ्या कंपनीला विकले गेले असेल, तर तेच कर्ज दोन नावांनी दोनदा दिसते.

न घेतलेले कर्ज : मोबाईल ॲपवरून कुणीतरी तुमच्या कागदांवर घेतलेले कर्ज. अशा वेळी सायबर पोलिसांत तक्रार करून तिची प्रत कर्ज देणाऱ्या कंपनीला द्या. फक्त सिबिलकडे तक्रार करून भागत नाही.

गटाचे कर्ज : मायक्रोफायनान्सचे कर्ज प्रत्येक महिलेच्या नावावर स्वतंत्रपणे नोंदलेले असते. तिने हप्ता गटप्रमुखाकडे दिला, पण तो पुढे भरलाच गेला नाही, तरी थकबाकी तिच्याच नावावर दिसते. म्हणून प्रत्येक हप्त्याची पावती तिच्याकडेच हवी.

वारसांचा गोंधळ : वडिलांच्या मृत्यूनंतर एजंट मुलाला म्हणतो, "आता कर्ज तुझ्या नावावर." हे खरे नाही. वारसाची जबाबदारी वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार नसाल, तर वडिलांची थकबाकी तुमच्या रिपोर्टमध्ये येता कामा नये.

चूक दुरुस्त करण्याची पद्धत

पायरी १ : ज्या कंपनीच्या रिपोर्टमध्ये चूक आहे, तिच्या संकेतस्थळावर वाद नोंदवा. ही सेवा मोफत आहे. तक्रार क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा.

पायरी २ : त्याच दिवशी संबंधित बँकेला किंवा वित्त कंपनीला लेखी अर्ज द्या. शाखेत दिला तर पोच घ्या आणि ईमेलही करा. सिबिल कंपनी बँकेच्या संमतीशिवाय आकडा बदलत नाही, म्हणून ही पायरी गाळू नका.

पायरी ३ : दिवस मोजा. तक्रार दाखल झाल्यापासून ३० दिवसांत ती निकाली निघाली पाहिजे. त्यातले २१ दिवस बँकेला माहिती दुरुस्त करून पाठवण्यासाठी आहेत. ३० दिवस उलटले, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. रिझर्व्ह बँकेचा हा नियम ऑक्टोबर २०२३ मध्ये आला आणि एप्रिल २०२४ पासून लागू आहे. उशीर बँकेने केला असेल तर भरपाई बँक देते, सिबिल कंपनीने केला असेल तर ती कंपनी देते.

पायरी ४ : उत्तर नाही, किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या संकेतस्थळावर मोफत तक्रार करता येते. वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. सप्टेंबर २०२२ पासून सिबिलसारख्या कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत. तक्रारीला मुदत असते, म्हणून महिनोन्‌महिने थांबू नका.

सहकारी पतसंस्था मात्र या लोकपालाच्या कक्षेत येत नाहीत. पतसंस्थेबद्दलची तक्रार सहकार खात्याच्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या निबंधक कार्यालयात करावी लागते. पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवू शकते. त्याची नोटीस आली तर सुनावणीला हजर राहा. गैरहजर राहिलात तर एकतर्फी दाखला निघतो.

अर्जाचा नमुना

"प्रति, नोडल अधिकारी, (बँकेचे नाव). विषय : माझ्या क्रेडिट रिपोर्टमधील चुकीची नोंद दुरुस्त करण्याबाबत. महोदय, माझे कर्ज खाते क्रमांक ____ मी दिनांक ____ रोजी पूर्ण फेडले आहे. ना-थकबाकी दाखला सोबत जोडला आहे. तरीही दिनांक ____ च्या रिपोर्टमध्ये (रिपोर्ट क्रमांक ____) या खात्यावर ____ रुपये थकबाकी दिसते. ही नोंद दुरुस्त करून सुधारित माहिती चारही क्रेडिट माहिती कंपन्यांना पाठवावी आणि तसे मला लेखी कळवावे. ३० दिवसांत तक्रार निकाली न निघाल्यास रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दररोज १०० रुपये भरपाईची मागणी मी करीन."

अर्जात राग, आरोप, इतिहास लिहू नका. खाते क्रमांक, तारीख, रक्कम आणि पुरावा एवढेच पुरे.

कर्ज खरेच आपले असेल तर?

आधी बँकेकडून खात्याचा पूर्ण उतारा मागा : मुद्दल किती, व्याज किती, दंड किती, शेवटचा हप्ता कधी जमा झाला. एजंटने फोनवर सांगितलेला आकडा धरून चालू नका. कर्ज दुसऱ्या कंपनीला विकले असेल, तर तसे सांगणारे पत्र मागा. नाहीतर पैसे भलत्याच खात्यात जातील.

दुसरी गोष्ट मुदतीची. मुदत कायदा, १९६३ नुसार विनातारण कर्जाच्या वसुलीचा दावा साधारणपणे तीन वर्षांत दाखल करावा लागतो. गहाण मालमत्तेवरच्या कर्जाला ही मुदत बारा वर्षांची आहे. मुदत संपण्याआधी तुम्ही "कर्ज देणे आहे" असे सहीनिशी लिहून दिले, किंवा थोडी रक्कम भरून त्याची लेखी नोंद तुमच्या सहीने झाली, तर मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मुदत संपल्यावरही "मी फेडीन" असे लेखी वचन दिले, तर करार कायद्याच्या कलम २५ नुसार ते नव्याने बंधनकारक ठरते. "पाचशे रुपये टाका आणि या कागदावर सही करा, फोन बंद होतील" असा आग्रह काही एजंट का करतात, ते यावरून समजेल.

मुदत संपली म्हणजे कर्ज नाहीसे झाले असेही नाही. दावा चालत नाही, पण रिपोर्टमधली नोंद राहते. सिबिल कंपन्यांनी माहिती किमान सात वर्षे ठेवायची असते. "किमान" या शब्दाकडे लक्ष द्या. सात वर्षांनी सगळे आपोआप पुसले जाते, असे कोणताही नियम सांगत नाही.

पूर्ण फेड की सेटलमेंट?

शक्य असेल तर पूर्ण फेड. व्याज आणि दंडात सूट मागा, पण खाते "क्लोज्ड" म्हणून नोंदवण्याची अट लेखी घ्या. तेवढे पैसे नसतील आणि कर्ज वाढत चालले असेल, तर सेटलमेंट हा रस्ता आहे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, फक्त किंमत माहीत असावी : रिपोर्टमध्ये "सेटल्ड" असे येईल आणि पुढची काही वर्षे कर्ज मिळणे अवघड जाईल. नंतर पैसे आले तर सोडलेली रक्कम भरून खाते "क्लोज्ड" करून द्याल का, हे बँकेला विचारता येते.

सेटलमेंट करताना चार नियम पाळा. बँकेच्या लेटरहेडवरचे पत्र हाती आल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. पैसे फक्त कर्ज खात्यात भरा, एजंटच्या यूपीआयवर नाही. ठरलेली तारीख चुकवू नका, कारण ती चुकली तर तडजोड रद्द होऊ शकते. शेवटी ना-थकबाकी दाखला घ्या आणि महिन्याभराने रिपोर्ट तपासा. मालमत्तेची कागदपत्रे गहाण असतील, तर पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत ती परत मिळाली पाहिजेत. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दररोज ५,००० रुपये भरपाई आहे.

लोकअदालतीची नोटीस आली म्हणजे अटक वॉरंट आले, असे समजून लोक गाव सोडतात. ती तडजोडीची संधी असते. तिथे कोर्ट फी लागत नाही. मात्र एकदा निवाडा झाला की तो दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. म्हणून झेपेल तेवढाच हप्ता कबूल करा.

वसुली एजंटला सांगायच्या गोष्टी

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार एजंटने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही. मायक्रोफायनान्सच्या वसुलीसाठी ही वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ६ आहे. धमकी, शिवीगाळ, नातेवाइकांना किंवा शेजाऱ्यांना फोन करून बदनामी, हे सगळे निषिद्ध आहे. एजंटने ओळखपत्र दाखवले पाहिजे. फोन रेकॉर्ड करा, तारीख-वेळ वहीत लिहा आणि बँकेच्या नोडल अधिकाऱ्याकडे तक्रार करा. एजंटच्या वागण्याची जबाबदारी बँकेची असते.

चारचौघांत जातीवरून अपमान केला, तर तो वसुलीचा विषय उरत नाही. अनुसूचित जातीच्या व्यक्तीच्या बाबतीत तिथे १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो. साक्षीदारांची नावे लगेच लिहून ठेवा.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांचाही समावेश आहे, त्यामुळे जातीचा दाखला असलेल्या बौद्धांना हा हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा.

पत पुन्हा कशी उभी राहते?

चालू हप्ते आधी : जुन्या थकबाकीच्या मागे लागून आजचा हप्ता चुकवू नका. अलीकडच्या नोंदींना जास्त वजन असते.

छोटी सुरुवात : मुदत ठेवीवर मिळणारे क्रेडिट कार्ड घ्या. दरमहा थोडासा खर्च करा आणि पूर्ण बिल तारखेआधी भरा. "किमान रक्कम" भरून समाधान मानू नका, कारण उरलेल्यावर भरमसाठ व्याज लागते.

मर्यादेच्या आत : कार्डाच्या मर्यादेच्या साधारण ३० टक्क्यांपेक्षा जास्त वापर टाळावा, हा व्यवहारातला ठोकताळा आहे.

जामीन विचारपूर्वक : नात्याचा शब्द मोडवत नाही, हे खरे. पण ते कर्ज स्वतः फेडण्याची तयारी असेल तरच सही करा.

महामंडळाची बीजभांडवल योजना असो की दुसरी कोणतीही शासकीय योजना, त्यातला बँकेचा वाटा हे बँकेचेच कर्ज असते. "सरकारी पैसा आहे, माफ होईल" हे ऐकून हप्ते थांबवणाऱ्यांची पत वर्षानुवर्षे अडकून पडते.

"पंधरा दिवसांत सिबिल ८०० करून देतो" अशा जाहिरातींना पैसे देऊ नका. खरी नोंद पैसे देऊन पुसता येत नाही आणि चुकीची नोंद मोफत दुरुस्त होते. स्कोअर सुधारायला सहा महिने ते दोन वर्षेही लागू शकतात.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

दर महिन्याला एका रविवारी विहारात दोन तासांचे मदत केंद्र चालवणे अवघड नाही. एक प्रिंटर, चारही कंपन्यांच्या संकेतस्थळांची यादी, वरचा अर्जाचा नमुना आणि एक वही पुरते. वहीत तक्रार क्रमांक, दाखल केल्याची तारीख आणि तिसावा दिवस कोणता, एवढे लिहा. कुणाचा पॅन, आधार किंवा ओटीपी आपल्याकडे ठेवू नका. मोबाईल त्याच माणसाच्या हातात असू द्या. कुणाचे कर्ज किती, याची चर्चा वस्तीत होता कामा नये. गुप्तता राहिली नाही, तर दुसऱ्या महिन्यात कुणी येणार नाही.

सुरुवात महिला गटांपासून करा. मायक्रोफायनान्सची पासबुके आणि रिपोर्ट समोरासमोर ठेवले, की कोणत्या नोंदी जुळत नाहीत ते पहिल्याच बैठकीत दिसेल.